सीमारेषेवरची गाठ

मराठीत ‘गाठ’ या शब्दाला किती अर्थ! लग्नगाठ, खूणगाठ, मनातली गाठ. पण डॉक्टरांच्या तोंडून तोच शब्द निघाला की घरात एकच प्रश्न उभा राहतो : साधी की कर्करोगाची? मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही या दोहोंच्या मधला एक प्रकार आपणा सर्वांस ठाऊक असावा, असे मला वाटते.

अंडाशयाच्या काही गाठींतील पेशी कर्करोगाप्रमाणे वाढतात, परंतु आतल्या थरांत मुळे रोवीत नाहीत. अमेरिकन डॉक्टर हॉवर्ड टेलर यांनी १९२९ मध्ये त्यांचे वेगळेपण दाखविले. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले. यांनाच ‘बॉर्डरलाइन’ गाठी म्हणतात. सुमारे एकतृतीयांश रुग्ण चाळिशीच्या आतल्या असतात. म्हणून येथे जीविताबरोबर मातृत्वाचाही प्रश्न असतो.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच. सोनोग्राफीने संशय येतो. निदान मात्र काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच पक्के होते. रोग एकाच बाजूस असेल आणि स्त्रीला मूल हवे असेल, तर तेवढेच अंडाशय व बीजवाहिनी काढून गर्भाशय आणि दुसरे अंडाशय राखता येते. कधी नुसती गाठच काढतात. मग ती पुन्हा होण्याची शक्यता अधिक. पण बहुधा ती त्याच प्रकारची असते व पुन्हा काढता येते. केमोथेरपी सहसा लागत नाही. गाठ अंडाशयापुरतीच असल्यास १०० पैकी ९५ हून अधिक स्त्रिया ५ वर्षांनंतरही हयात असतात. पोटात पसरून तिने मुळे धरली असतील, तर मात्र धोका वाढतो. कधी कधी १० वर्षांनंतरही ती उलटते, म्हणून तपासणी सोडू नये.

आपल्या मराठवाड्यात हे सांगणे अधिक अगत्याचे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये शासनाला समिती नेमावी लागली. ‘पिशवी काढून टाका’ म्हटले की मान डोलवायची, हीच आपली रीत! पोट फुगते, दोन घासांत भरते, ओटीपोट दुखते. आपल्या आया-बहिणी हे पदराआड झाकतात. संभाजीनगरात घाटी रुग्णालय आहे, २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. मैत्रिणींनो, तेथे वेळेवर जाऊ या, आणि शस्त्रक्रियेआधी धीटपणे विचारू या : “डॉक्टर, काय काढणार आणि काय राखणार?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, तो आपला हक्क आहे.