हिरवं दिसलं म्हणजे जिवंत?

क्षयरोगाची औषधं सुरू होऊन दोन महिने झालेत, खोकला थांबलाय, वजन वाढतंय, आणि थुंकीचा अहवाल मात्र पुन्हा पॉझिटिव्ह. घरात एकदम शांतता पसरते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू चक्क चमकताना दिसले म्हटल्यावर ते जिवंत नाहीत असं कोण म्हणेल?

प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ म्हणेल. चमकला तो जिवंत, ही समजूत चांगल्या शिकलेल्या माणसांतही घट्ट बसलेली आहे, आणि तिचं मूळ चमक येते कुठून हे नीट ठाऊक नसण्यात आहे.

आधी तेवढंच बघू. जंतू स्वतः उजळत नाही. काजवा स्वतःच्या पोटातल्या रसायनांतून उजेड तयार करतो. त्याला बाहेरून प्रकाश लागत नाही. प्रतिदीप्तीचं तसं नसतं. तिथे एका रंगाचा प्रकाश आत घ्यायचा आणि दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकायचा, एवढाच व्यवहार. दिवा बंद झाला की चमकही बंद. आपल्याकडे धुण्याच्या शेवटच्या पाण्यात टिनोपाल घालायचे, ते हेच. उन्हातली न दिसणारी अतिनील किरणं शोषून ते निळसर उजेड फेकतं आणि सदरा दुधासारखा पांढरा दिसतो. (त्याच्याच जातकुळीतलं एक द्रव्य त्वचारोगाच्या प्रयोगशाळेत बुरशी शोधायला वापरतात. कपडे उजळणाऱ्या रसायनाचा हा दुसरा संसार फारसा कुणाला ठाऊक नसतो.)

थुंकीच्या तपासणीत टिनोपालची जागा ऑरामाइन या पिवळ्या रंगाची असते. क्षयाच्या जंतूभोवती मेणचट आवरण असतं. एकदा आत शिरलेला रंग आम्ल आणि अल्कोहोलने धुतला तरी ते सोडत नाही. बाकी पेशींवरचा रंग निघून जातो. मग निळ्या प्रकाशात काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या-हिरव्या काड्या दिसतात. जुन्या झील-नील्सन पद्धतीत हजारपट वर्धनाखाली कण कण शोधावं लागतं. इथे दोनशे-चारशेपट पुरतं, एका नजरेत मोठा भाग येतो, वेळ वाचतो, आणि संवेदनशीलताही सरासरी 10 टक्क्यांनी जास्त मिळते. पूर्वी त्यासाठी पाऱ्याच्या वाफेचा महागडा दिवा आणि अंधारी खोली लागायची. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एलईडी दिव्याच्या सूक्ष्मदर्शकांची शिफारस केली आणि ही सोय लहान केंद्रांपर्यंत पोचली.

पण ऑरामाइन फक्त आवरणाला ओळखतं. जंतू मेला म्हणून त्याचं मेण लगेच विरघळत नाही, त्यामुळे औषधाने मारलेले जंतूही काही काळ तसेच चमकतात. म्हणून दोन महिन्यांनंतरचा पॉझिटिव्ह अहवाल म्हणजे उपचार फसले असं नव्हे, आणि तो दुर्लक्षून चालेल असंही नव्हे. औषधाला दाद न देणारा जंतूही तसाच दिसेल. पुढची चाचणी करावीच लागते, आणि गोळ्या तर स्वतःच्या मनाने कधीच थांबवायच्या नाहीत.

मग सीबीनॅट करून टाका, हा पुढचा सल्ला हमखास येतो. यंत्र महाग, अहवाल दोनेक तासांत, म्हणजे खरं काय ते कळणारच! पण सीबीनॅट जंतूचा डीएनए वाचतं, आणि डीएनए मेलेल्या जंतूचाही शिल्लक राहतो. म्हणूनच औषधांचा परिणाम होतोय का हे पाहायला ते वापरत नाहीत. गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या तशाच चाचणीलाही हीच मर्यादा आहे.

सीबीनॅटची खरी करामत वेगळीच आहे, आणि तिथे उजेडाबद्दलची आपली समजूत पार उलटी होते. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी 1996 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक रेणू मांडला. हेअरपिनसारखा दुमडलेला, एका टोकाला चमकणारं द्रव्य, दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारं. जुळणारा डीएनए भेटला की पिन उलगडते, टोकं लांब जातात आणि दिवा लागतो. सीबीनॅटच्या मूळ कार्ट्रिजमध्ये असे पाच दिवे रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाशी संबंधित जनुकाच्या 81 अक्षरांवर पाळत ठेवतात. जंतूने त्या जागी अक्षर बदललं, तर तिथला दिवा लागत नाही किंवा उशिरा लागतो. बाकीचे दिवे जंतू असल्याचं सांगतात. न लागलेला दिवा सांगतो की या रुग्णावर रिफाम्पिसिन चालणार नाही. अंधार म्हणजे काहीच नाही असं मानणाऱ्याची इथे मोठी फसगत होईल.

जिवंतपणाचा प्रश्न थेट विचारणारी चाचणी म्हणजे कल्चर, आणि त्यातली एमजीआयटी नळी मला या सगळ्यांत सर्वात देखणी वाटते. नळीच्या तळाशी सिलिकॉनमध्ये रुथेनियमचं एक संयुग बसवलेलं असतं. द्रवात प्राणवायू विरघळलेला असेपर्यंत तो त्या संयुगाची चमक दाबून ठेवतो. आत जंतू वाढले, श्वसन करू लागले, प्राणवायू संपत आला की तळ अतिनील प्रकाशात नारिंगी उजळतो. मेलेला जंतू श्वास घेत नाही, त्यामुळे इथे मेण किंवा उरलासुरला डीएनए फसवू शकत नाही. फसवतो तो दुसराच कुणी: नमुन्यातले इतर जीवाणू आधी नीट मारले गेले नसतील तर तोंडातला एखादा उपटसुंभ जीवाणूही तेवढ्याच उत्साहाने प्राणवायू खातो आणि नळी उजळते. म्हणून उजळलेल्या नळीतून पुन्हा स्लाइड करावी लागते. न उजळलेल्या नळीची वाट बघायची ती 42 दिवस.

या बेचाळीस दिवसांवर तोडगा म्हणून कॅरोलिन बर्टोझी यांच्या प्रयोगशाळेने 2018 मध्ये एक रंग मांडला. (बर्टोझींना 2022 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते वेगळ्या पण शेजारच्या कामासाठी.) क्षयाचा जंतू आवरण बांधताना ट्रेहालोज नावाची साखर वापरतो. त्या साखरेला असं एक द्रव्य जोडलं की ते पाण्यात जवळपास विझलेलं राहतं आणि तेलकट जागी गेलं की शेकडो पटींनी उजळतं. आवरण बांधणारा, म्हणजे काम चालू असलेला जंतूच ते उचलतो. उरलेला रंग धुवायची गरजही पडत नाही. औषध दिलेल्या जंतूंमध्ये ही चमक घटली, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या थुंकीतही या रंगाने जंतू दाखवले. फक्त ट्रेहालोजचं आवरण बांधणारे क्षयजंतूचे भाऊबंद बरेच आहेत, आणि तेही या रंगाने तसेच हिरवे दिसतात.