‘गो’चं ‘गोड’ का होत नाही?

‘गो-वेंट-गॉन’ पाढ्यासारखं घोकलेली माणसंही चाळिशीत ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणून मोकळी होतात. पाठांतर कमी पडलेलं नसतं. ही तीन रूपं कुठं वापरायची, हे कुणी नीट सांगितलेलं नसतं.

गैरसमज: असला वेडेपणा इंग्रजीतच, आपली मराठी कशी सरळ!

‘बस’चं ‘बसला’ होतं, मग ‘जा’चं ‘जाला’ का नाही? संस्कृतात ‘या’ आणि ‘गम्’ हे जाण्याचे दोन निराळे धातू. आपलं ‘जा’ पहिल्यावरून आलं आणि ‘गेला’ दुसऱ्याच्या ‘गत’वरून. इंग्रजीनंही हेच केलं. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप; ते ‘गो’च्या घरी दत्तक गेलं. ‘ये-आला’, ‘कर-केलं’, ‘हो-झालं’ ही आपलीच मंडळी. मराठी मूल ‘मी करलं’ म्हणतं, तसं इंग्रजी बोलणारं मूल ‘गो’ला ‘एड’ जोडून ‘गोड’ म्हणतं. दोघांनाही नियम कळलाय, अपवाद कळायचाय.

गैरसमज: अनियमित म्हणजे अडगळीतले, क्वचित लागणारे शब्द.

उलट, अडगळीतले शब्दच नियमाला लवकर शरण जातात. ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता, आज साधं ‘हेल्प्ड’. ‘नेचर’मध्ये २००७ साली आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं तपासली होती, त्यांतली ९८च आज तशी उरली आहेत. जी रोज तोंडात असतात ती टिकतात. बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, टेक, कम, सी: रोजच्या वापरातली ही दहाही अनियमितच.

गैरसमज: दुसरं रूप कालचं, तिसरं त्याहून जुन्या काळाचं.

तिसऱ्या रूपाला स्वतःचा काळच नसतो. ‘द लेटर विल बी रिटन टुमॉरो’ म्हणजे ‘पत्र उद्या लिहिलं जाईल’. इथं ‘लिहिलं’ असूनही गोष्ट उद्याची आहे, ‘रिटन’चंही तसंच. काळ सांगतं ते सोबतचं ‘विल बी’, ‘हॅव’ किंवा ‘हॅड’. म्हणून ‘आय सीन हिम’ प्रमाण इंग्रजीत चालत नाही.

आता ते ‘डिड नॉट वेंट’. ‘मी गेलो नाही’मध्ये भूतकाळ ‘गेलो’त असतो, म्हणून जिभेवर ‘वेंट’ येतं. इंग्रजीत मात्र नकार किंवा प्रश्न आला, की भूतकाळाचं ओझं ‘डिड’ उचलतो आणि मागं नुसतं ‘गो’ राहतं. तसंच ‘काल पाहिलंय त्याला’ आपण सहज म्हणतो. पण ‘यस्टरडे’ आलं, की ‘हॅव सीन’ सोडून ‘सॉ’च म्हणायचं.

‘लर्न्ड’ की ‘लर्न्ट’, यावर मात्र डोकं शिणवू नका. दोन्ही बरोबर आहेत.