बंदर मुरगावात, सुकाणू दिल्लीत

वास्को शहरातील अनेक घरांत सकाळच्या केरवाऱ्याबरोबर आणखी एक काम गृहिणींच्या वाट्याला येते. खिडकीच्या चौकटीवरून, सोप्याच्या कठड्यावरून, कपडे वाळत घालण्याच्या दोरीवरून ओले फडके फिरवावे लागते, आणि ते फडके काळे होऊन परत येते. हा काळेपणा कोणास दाखवावा, हा या शहराचा जुना प्रश्न आहे. मुरगाव नगरपालिकेकडे जावे, तर बंदर तिच्या अखत्यारीत नाही. राज्य सरकारकडे जावे, तर ते केंद्राकडे बोट दाखविते. बंदराच्या अधिकाऱ्यांकडे जावे, तर मालाची चढउतार वाढविणे हेच आपले कर्तव्य असल्याचे ते सांगतात. रेल्वे म्हणते, आम्ही केवळ वाहून नेणारे. चारही दारांवरून परतलेला नागरिक अखेर न्यायालयाची पायरी चढतो, नाहीतर रुळांवर जाऊन बसतो. बंदराच्या व वाहतुकीच्या धोरणाची चर्चा करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आम्ही बंदराचे वैरी नाही. जुवारीच्या मुखाशी निसर्गाने जे आश्रयस्थान निर्माण केले, त्याची किंमत राज्यकर्त्यांना फार पूर्वीच कळली होती. १६८३ साली संभाजी महाराजांच्या फौजा गोव्याच्या वेशीवर येऊन ठेपल्या, त्यानंतर पोर्तुगीजांनी आपली राजधानीच मुरगावला हलविण्याचा घाट घातला होता. तो बेत तडीस गेला नाही. पुढे १८७८ साली लिस्बन आणि लंडन यांच्यात करार झाला, त्यातून लोहमार्ग व बंदर यांची योजना निघाली आणि १८८८ मध्ये गाडी घाट चढून कॅसल रॉकला पोहोचली. दर ३७ फुटांस एक फूट चढणारा तो घाट हा त्या काळच्या स्थापत्याचा पराक्रमच होता. पण भांडवल लंडनचे, सही लिस्बनची आणि अपेक्षा दख्खनच्या कापसाची. ज्या किनाऱ्यावर हे सारे उभे राहणार होते, तेथील शेतकऱ्यास व गाबितास कोणी काही विचारले नाही. परकीय सत्तेकडून ती अपेक्षाही नव्हती.

मुक्तीनंतर चित्र पालटेल, अशी अपेक्षा मात्र रास्त होती. १९६४ साली मुरगाव पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. देशाच्या प्रमुख बंदरांत मुरगावची गणना झाली आणि खनिज लोखंडाच्या निर्यातीने बंदराचा चेहरामोहरा बदलला. त्या व्यवसायाने डोंगर पोखरले, शेते गाळाने भरली, रस्ते टिपरांनी फोडले, हे सर्व खरे. तथापि त्यातील एक गोष्ट शहाणपणाची होती. खाणीपासून नदीकाठापर्यंतचा टप्पा टिपरांनी होई. पण तेथून पुढे मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा या जलमार्गांनी बार्जेस माल घेऊन बंदराला येत. हजार टनांची एक बार्ज म्हणजे दहा टनांचे शंभर टिपर रस्त्यावरून कमी! १९७९ साली बंदरात खनिज हाताळण्याचा यांत्रिक प्रकल्प सुरू झाला आणि २०१०-११ पर्यंत बंदरातील एकूण वाहतूक पाच कोटी टनांच्या घरात पोहोचली. त्यातील सिंहाचा वाटा खनिजाचा होता.

एकाच मालावर उभारलेला हा डोलारा एका महिन्यात कोसळला. शहा आयोगाचा अहवाल बाहेर आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने उत्खननास व वाहतुकीस बंदी घातली. अनिर्बंध उत्खननाला लगाम बसला, हे योग्यच झाले. परंतु नदीपात्रात रांगेने उभ्या राहिलेल्या बार्जेस, अंगणात गंजणारे टिपर आणि कर्जाच्या हप्त्यांनी खचलेली कुटुंबे यांचा विचार कोणत्या धोरणात होता? २०१४ साली वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने वाट मोकळी केली. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि ती पुन्हा बंद झाली. २०२२ च्या अखेरीपासून लिलावांद्वारे पुनरारंभाचा मार्ग शोधला गेला. एवढ्या चढउतारांतून जाणाऱ्या बंदराने आणि राज्याने एकाच मालावर विसंबून न राहण्याचा धडा घ्यावयास हवा होता. घेतला तो उलटाच. खनिजाची पोकळी कोळशाने भरण्याचा सोपा मार्ग निवडण्यात आला.

कोळसा तत्पूर्वीही येत होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून काही धक्के खाजगी कंपन्यांकडे सोपविण्यात आले आणि परदेशांतून येणारा कोळसा तेथे उतरून रेल्वेने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागला. दाबोळी, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे अशी ही वाट आहे. तिच्या दोन्ही बाजूंना घरे, शाळा, चर्चे, देवळे आणि भातशेती आहे. खनिजाच्या वेळी निदान माल गोव्याचा होता, मजुरी गोव्याची होती. कोळसा येथे उगवत नाही आणि येथे जळतही नाही. येथे राहते ती त्याची धूळ.

अशा परिस्थितीत नौकामार्ग खोल करण्याचे काम जाहीर सुनावणीशिवाय मंजूर झाले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली ती मंजुरी रद्द केली, तेव्हा लोकांस बोलावणे भाग पडले. बंदराच्या विस्तारप्रकल्पांवर २०१७ मध्ये वास्कोत जी सुनावणी झाली, ती अनेक दिवस चालली. डॉक्टर, शिक्षक, मच्छीमार, गृहिणी, निवृत्त कर्मचारी एकामागून एक उभे राहिले. ज्यांना इतकी वर्षे कोणी विचारले नव्हते, त्यांनी मिळालेल्या पहिल्या संधीस आपले सारे साठलेले बोलून घेतले. पुढे लोहमार्गाच्या दुपदरीकरणाचा प्रश्न आला. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे हजारोंनी रात्रभर रुळांवर ठाण मांडले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुळे ते कॅसल रॉक या अभयारण्यातून जाणाऱ्या टप्प्याची वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. परिणामांचा सखोल अभ्यास करून प्रस्ताव नव्याने मांडण्याची मुभा मात्र ठेवली. वास्तविक जे तारतम्य आरंभीच आखणीच्या मेजावर दाखवावयाचे, ते अखेर न्यायासनाकडून करवून घ्यावे लागले.

याचे कारण आखणीच्या मेजाभोवतीच्या खुर्च्यांत आहे. २०२१ साली संसदेने प्रमुख बंदर प्राधिकरण कायदा संमत केला आणि पोर्ट ट्रस्टचे पोर्ट प्राधिकरण झाले. या कायद्यान्वये मंडळावर अध्यक्ष व उपाध्यक्षांखेरीज राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण आणि सीमाशुल्क यांचा प्रत्येकी एक सदस्य असतो. केंद्राने नेमलेला एक अधिकारी, दोन ते चार स्वतंत्र सदस्य आणि कामगारांचे दोन प्रतिनिधी असतात. ज्या शहराच्या छातीवर बंदर उभे आहे, त्याच्या नगरपालिकेसाठी राखीव अशी खुर्ची नाही. बंदराच्या हद्दीत मच्छीमारी करून पोट भरणाऱ्या खारीवाड्यासाठीही नाही. इतकेच नव्हे, तर बंदराच्या हद्दीतील बृहद् आराखडा हा स्थानिक वा राज्याच्या नियमांपासून स्वतंत्र राहील आणि दोहोंत विरोध आल्यास बंदराचाच आराखडा वरचढ ठरेल, अशीही तरतूद आहे. ग्रामपंचायतीस घटनात्मक अधिकार देणाऱ्या देशात किनाऱ्यावरील नगरपालिकेस इतके दुबळे का करावे, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस मिळालेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, बंदर हे राष्ट्राचे दार असते. ते एका गावाच्या मर्जीवर उघडावे वा मिटावे असे कसे चालेल? आक्षेप वजनदार आहे. देशाला पोलाद हवे, पोलादाला कोळसा हवा आणि कर्नाटकाला समुद्र हवा. दारावरचे गाव दार लावूनच घेईल, तर देशाचा व्यापार चालणार नाही. शिवाय बंदराच्या वेतनावर वास्कोतील कितीतरी घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली, हेही विसरता कामा नये. परंतु आमची मागणी दार बंद करण्याचा अधिकार मिळावा अशी नाही. दारातून काय जावे, किती जावे आणि कसे जावे, हे ठरविताना उंबरठ्यावर राहणाऱ्यासही बोलू द्यावे, एवढीच आहे. मंडळावरील एका मताने राष्ट्रहित बुडत नाही. उलट प्रत्येक प्रकल्प न्यायालयात अडकून पडतो, तेव्हा राष्ट्राचा पैसा आणि काळ दोन्ही बुडतात. ज्याला आरंभी विचारले जात नाही, तो शेवटी आडवा येतो.

आणि संकट येते तेव्हा ते प्रथम किनाऱ्यावरच येते. २००० साली कांदोळीच्या वाळूत रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज हलविण्यास एक तप लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्त्याने भरलेले, खलाशीविरहित 'नू-शी नलिनी' वादळी हवेत वाहत येऊन दोनापावलाच्या खडकांवर आदळले, त्या वेळी राजभवनाच्या पायथ्याशी काय घडू शकले असते, या कल्पनेने अंगावर काटा येतो. सुदैवाने अनर्थ टळला. परंतु जहाजांच्या आगमनाचा हिशेब दिल्लीत मांडला जातो आणि त्यातील धोका मात्र येथे झेलावा लागतो, हे त्या रात्री कळले.

सगळा दोष दिल्लीच्या माथी मारून गोव्याच्या राज्यकर्त्यांना हात झटकता येणार नाहीत. मंडळावर त्यांचा एक सदस्य आहे. तो तेथे कोणाचे गाऱ्हाणे मांडतो, हे गोमंतकीय जनतेस कधी सांगितले गेले आहे काय? २०१६ च्या कायद्याने मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे राष्ट्रीय जलमार्ग झाले. मच्छीमारांनी व नदीकाठच्या गावांनी त्या वेळी विचारलेले प्रश्न अजून हवेतच आहेत. ज्या प्रवाशांसाठी नदीमार्ग खरोखर उपयोगी पडला असता, त्यांच्याकडे कोणत्याच सरकारने पुरेशा आस्थेने पाहिले नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजीला आधार झाला तो फेरीबोटींचा. नवे पूल झाले आणि तो उपकार आपण विसरलो. मालवण, वेंगुर्ले, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत मुंबईला जाणारी पणजीची आगबोट इतिहासजमा झाली. एकेकाळी कोकणी मनुष्य डेकवर वळकटी टाकून मुंबई गाठी. २०१८ मध्ये त्याच जलमार्गावर पुन्हा प्रवासी जहाज सुरू झाले, ते श्रीमंती सहलीचे. समुद्र आपल्या दारात आहे, पण सामान्य प्रवाशासाठी तो पाहण्यापुरताच उरला आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, गोव्याच्या खासदारांनी पक्षभेद विसरून २०२१ च्या कायद्यात दुरुस्ती मागावी: मंडळावर नगरपालिकेचा एक आणि मच्छीमारांचा एक प्रतिनिधी असावा, आणि बंदराचा आराखडा स्थानिक योजनेशी सुसंगत असण्याचे बंधन असावे. दुसरी, कोळशाची मर्यादा धक्क्याच्या क्षमतेवरून न ठरविता शहराच्या हवेच्या सहनशक्तीवरून ठरवावी. जहाजापासून वाघिणीपर्यंत माल झाकलेला असावा आणि हवेच्या मोजणीचे रोजचे आकडे नगरपालिकेच्या दारात फलकावर लागावेत. तिसरी, बंदराच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा शहराच्या आरोग्यासाठी व रस्त्यांसाठी हक्क म्हणून मिळावा. देणगी म्हणून नव्हे. चौथी, राज्य सरकारने स्वतःचे जलवाहतूक धोरण आखावे: जेथे बार्ज जाऊ शकते तेथे टिपर धावू नये, जेथे फेरीबोट पुरेशी आहे तेथे पुलाचा हट्ट नसावा, आणि किनाऱ्यावरील प्रवासी जहाजाचा विचार सामान्य माणसाच्या खिशाकडे पाहून व्हावा.

यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावच्या मैदानावर डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले, तेव्हा मागणी साधी होती: या भूमीतील माणसाला सभा घेता यावी, बोलता यावे. त्या साध्या मागणीसाठी अनेकांनी तुरुंग भोगला, काहींनी प्राण दिले. आपल्या अंगणातून काय वाहून न्यावे याबद्दल बोलण्याचा अधिकार हा त्याच मागणीचा पुढचा भाग आहे. १८७८ च्या करारावर गोमंतकीयाची सही नव्हती, हे आपण समजू शकतो. स्वतंत्र भारतातील करारावर ती का नसावी, याचे उत्तर दिल्लीने द्यावयाचे आहे, आणि ते मागण्याचे काम पणजीचे आहे. तोवर वास्कोतील ते ओले फडके रोज सकाळी काळे होतच राहील.