शीडनौकेचा शीडसाज व कणा

एकाच सांगाड्याच्या लहान शीडनौका निरनिराळे शीडसाज व कणे बसवून बांधल्या जातात. डोलकाठी, शिडे आणि त्यांचे दोर यांच्या रचनेस शीडसाज म्हणतात. कणा (जुन्या नौकाबांधणीत ‘पठाण’) हा तळाचा मध्यवर्ती भाग असून आधुनिक नौकांत त्याला पाण्यात उतरणारे पाते जोडलेले असते. शीड वाऱ्याचा जोर घेते, तर पाते नौकेचे आडवे वाहणे रोखते. म्हणून दोहोंचा विचार एकत्र केला जातो.

शीडसाजाचे प्रकार

४.२ मीटर लांबीच्या लेझर नौकेवर ७.०६, ५.७६ किंवा ४.७ चौरस मीटरचे शीड लावता येते. शीड मोठे असेल तर ते तोलण्यास नाविकाचे वजनही अधिक लागते. टोकियो ऑलिंपिकमध्ये विष्णू सरवणन यांनी मोठ्या, तर नेत्रा कुमनन यांनी मधल्या शिडाच्या वर्गात भाग घेतला.

कण्याचे प्रकार

खोल एकपाती कण्याच्या तळाशी वजन (नीरम) असल्याने कललेली नौका सावरते व वाऱ्याच्या रोखाने चांगली चढते. मात्र तिला खोल पाणी लागते. जोडपाती कण्याची नौका ओहोटीच्या वेळी चिखलावर सरळ उभी राहते, परंतु वाऱ्याच्या दिशेने जाताना काहीशी मागे पडते. उचलत्या पात्याची नौका उथळ पाण्यात शिरते. तिचे पाते हलके असल्यास तोल सांभाळण्याचे काम नाविकावर येते.

कोकणातील संदर्भ

शहापूर व मुरबाड तालुक्यांतून वाहणाऱ्या भातसा आणि काळू या नद्यांचे पाणी उल्हास नदीतून कल्याणच्या खाडीत येते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी येथे नौकाबांधणी सुरू केली. अठराव्या शतकातील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांच्या वर्णनानुसार मराठ्यांच्या गुराबा उथळ पाण्यात चालतील अशा बांधलेल्या होत्या. त्याच घडणीच्या पण लहान गलबतांवर एक मोठे त्रिकोणी शीड व ४० ते ५० वल्ही असत. मुंबई-ठाणे किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक असल्याने खाड्यांत उथळ तळ उपयोगी ठरतो.

जुनी नौका निवडताना

एकपाती नौकेत कणा व सांगाडा जोडणारे बोल्ट गंजलेले नाहीत ना, हे पाहतात. उचलत्या पात्यात खिळीची झीज व खोबणीतील गळती, तर जोडपाती नौकेत पात्यांच्या मुळाशी गेलेले तडे तपासतात. उथळ कण्याच्या नौकेवर नंतर मोठे शीड चढवलेले असल्यास ती जोराच्या वाऱ्यात उलटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे शीडसाज मूळचाच आहे की बदललेला, याची खातरजमा आवश्यक असते.