मुक्तस्रोत लायब्ररी आणि संदेशवहनाचा प्रोटोकॉल

तात्काळ संदेशवहनाची लायब्ररी म्हणजे प्रोटोकॉलचे नियम पाळणारा आणि कोणत्याही सॉफ्टवेअरला वापरता येणारा तयार आज्ञासंच होय. मुंबईचे फिलिप टेलिस यांनी याहू मेसेंजरसाठी सी भाषेत विकसित केलेली 'लिबयाहू२' हे याचे उदाहरण होय. याहूचा प्रोटोकॉल अप्रकाशित असल्याने प्रत्यक्ष संदेशांतील २० बाइटचे शीर्ष व पुढील मजकूर तपासून त्याची रचना उलगडावी लागे. २०१६ मध्ये याहूने हा जुना प्रोटोकॉल बंद केला, तर २०१८ मध्ये सेवाच थांबविली. आज्ञावली मुक्त असूनही लायब्ररी निरुपयोगी ठरली. याउलट, एक्सएमपीपीचे नियम २००४ मध्ये आरएफसी ३९२० म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनुसार कोणालाही स्वतःचा सर्व्हर चालविता येतो. म्हणून रत्नागिरीतील महाविद्यालयांनी विद्यार्थी-प्रकल्पांसाठी प्रकाशित प्रोटोकॉलच निवडणे श्रेयस्कर ठरेल.