परसातलं तळं: कागद बदलण्याआधी गळती शोधा



अंबरनाथ पश्चिमेच्या सभासदांचे सध्या एकसारखे फोन येतायत, "तळं गळतंय, कागद बदलू का?" थांबा. मे महिन्यात उन्हानेच रोज अर्धा सेंटीमीटरच्या आसपास पाणी उडतं. आधी खात्री करा.

*बादलीची परीक्षा:* तळ्यात कडेला बादली ठेवा, उलटू नये म्हणून आत दगड टाका. बादलीत बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरा. दोन्हीकडे खूण करा आणि दोन दिवस पंप लावू नका. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर गळती नाही. तळ्यातलं जास्त उतरलं तर गळती आहे. मग पाणी उतरू द्या. ते जिथे थांबेल त्या रेषेवरच भोक शोधायचं. पाइप कागदातून जातो ती जागा पहिली बघा, नंतर खेकड्याची आणि उंदराची बिळं.

*ठिगळ:* गेल्या वर्षी जूनमध्ये घाईघाईत मी स्वतः ओलसर कागदावर ठिगळ लावलं. पहिल्या मोठ्या सरीत ते निघालं आणि सभासदाचं पाणी गेलं. चूक माझीच. म्हणून हे काम आत्ताच, कडक उन्हात करा. कागदाखालचा दगड काढा, बीळ बुजवून चाळलेली माती ठोकून बसवा. कागद धुऊन पूर्ण सुकवा. ठिगळ त्याच जातीच्या कागदाचं, भोकाच्या चारही बाजूंना १५ सेंमी जास्त, आणि गरम हवेच्या मशीनने चिकटवलेलं हवं. चिकटपट्टी म्हणजे तात्पुरती सोय.

*नवीन खोदणाऱ्यांनी* भाताच्या खाचरात खोदू नका, वरकस जागा घ्या. खाचरात जुलैत जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकाम्या तळ्याचा कागद फुग्यासारखा उचलला जातो. ज्यांचं आधीच खाचरात आहे त्यांनी पावसाळ्यात तळं रिकामं ठेवू नये.

५ × ४ मीटर आणि दीड मीटर खोल खड्डा उभ्या भिंतींचा असेल तर ३० हजार लिटर मावतं. तोच खड्डा एकास एक उताराचा केला तर जेमतेम १४ हजार! पण भुसभुशीत मातीत उभी भिंत ढासळते, तिथे उतारच द्या आणि वरून मोठं खोदा. कागद ५०० मायक्रॉनचा, आयएस १५३५१ छापलेला बघूनच घ्या. कडेला चर खणून त्यात कागद गाडा.

भरायला घराचं छप्पर पुरतं. ५० चौरस मीटर छपरावर १०० मिमी पाऊस म्हणजे ५ हजार लिटर. वालधुनीचं किंवा कारखान्याकडच्या नाल्याचं पाणी भाजीच्या तळ्यात अजिबात घेऊ नका. डासांसाठी गप्पी मासे सोडा.

*सगळ्यात महत्त्वाचं:* ओल्या कागदावरून पोहता येणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही, पाय सटकतो. मुलांना सुट्टी आहे. चारही बाजूंना कुंपण घाला आणि दोन बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर खुंट्याला बांधून पाण्यात सोडा. हे पाणी भरायच्या *आधी*. दोर नसेल त्या तळ्यात मी स्वतः मोजमापाला उतरत नाही.

बादलीचं माप आणि भोकाचा फोटो ग्रुपवर टाका. मशीनवाला एकाच फेरीत सगळीकडे जाईल, भाडं वाटून घेता येईल.