कोरेगावात टँकर, पण शेजारच्या कल्याणगडाच्या गुहेत बारमाही पाणी! हे कसं काय?

सातारा म्हटलं की महाबळेश्वरचा धो-धो पाऊस आठवतो. पण महाबळेश्वरपासून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवरचा कोरेगाव तालुका दुष्काळी पट्ट्यात मोडतो. ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिकामे होतात. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कोरेगावात त्याचा पाचवा हिस्साही नाही. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

अशा तालुक्यात साताऱ्याहून वीस-पंचवीस किलोमीटरवर नांदगिरी गाव आहे आणि त्याच्या डोक्यावर कल्याणगड. किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असं मानलं जातं. १६७३ मध्ये तो स्वराज्यात आला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला.

पण गडाची खरी ओळख आहे ती पहिल्या दरवाजाजवळच्या गुहेमुळे. आत मिट्ट काळोख आणि बर्फासारखं गार पाणी. कधी गुडघाभर, कधी कमरेपर्यंत. कठड्याला धरून पाण्यातून चालत गेलात की शेवटी पार्श्वनाथांची मूर्ती दिसते, सोबत दत्ताची आणि देवीचीही.

मग हे पाणी येतं कुठून? सातारचे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झालेत. काही थरांत भेगा असतात, काही ठणठणीत घट्ट असतात. माथ्यावर पडलेला पाऊस भेगांतून हळूहळू उतरतो, घट्ट थरावर अडतो आणि जिथे वाट मिळेल तिथे पाझरतो. या वाटेला वेळ लागतो, म्हणून पावसाळा संपला तरी झिरपणं चालूच राहतं.

याच तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ मध्ये जवळपास हेच शिवारात केलं. पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये गाव उन्हातान्हात श्रमदानाला उतरलं, चर खोदले, बांध घातले, जेणेकरून पाणी पळून न जाता मुरावं. वेळू पहिलं आलं, ५० लाखांचं बक्षीस मिळालं. गडाला आयता मिळालेला खडक वेळूकरांकडे नव्हता, कुदळ-फावडं होतं.

गडावर जाणार असाल तर पावसाळ्यानंतर जा. टॉर्च न्या, चपला बाहेर काढा, मोबाईल सांभाळा. आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या त्या पाण्यात टाकू नका, भाविक तिथे दर्शनाला येतात.